पटावरून तुमचं नाव कधी कमी झालं?

३० सप्टेंबर जवळ आला की जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत एकच गणित चालू असतं : पट किती? सातारा-सांगलीच्या वाड्यावस्त्यांवरच्या या आकड्यात तुमचा-माझाही हिशेब आहे.

एक आठवण काढून बघा. प्राथमिक शाळेतले दिवस. एके सकाळी वर्गात अनोळखी साहेब आले. गुरुजींनी आदल्या दिवशीच दम दिला होता, ‘उद्या कुणी घरी राहायचं नाही, ताप आला तरी यायचं.’ साहेबांनी आपल्याला ओळीनं मोजलं आणि मतदानाला लावतात तशी बोटाला शाई लावली. आठवत नसेल, तर घरातल्या ताईला-दादाला विचारा. त्यांना नक्की आठवेल.

ती होती पटपडताळणी. तारीख ३ ते ५ ऑक्टोबर २०११. राज्यातल्या सगळ्या शाळांमध्ये एकाच वेळी मुलं मोजली गेली. कारण काही शाळा अनुदानासाठी आणि शिक्षकांच्या पदांसाठी खोटी नावं दाखवत होत्या. इकडं मोजलेलं पोरगं तिकडच्या शाळेत पुन्हा उभं करू नये, म्हणून शाई. कागदावर असलेली सुमारे २० लाख मुलं त्या तीन दिवसांत वर्गात सापडलीच नाहीत.

मी तेव्हा तिसरीत होते. शाई जाऊ नये म्हणून जेवताना ते बोट वर धरायचे, एवढंच मला आठवतं. त्या दिवशी मी मोजली गेले. आठ महिन्यांनी मी त्याच पटावरून निघून गेले. माझ्या जाण्यानं पुढं काय झालं, हे मला कळायला मात्र तेरा वर्षं लागली. ते कळलं याच महिन्यात, या पानासाठी बातमी शोधायला मी माझ्या जुन्या शाळेत गेले तेव्हा.

चार ओळी

कऱ्हाड तालुक्यात कृष्णाकाठची आमची वस्ती. पहिली ते चौथीची शाळा, दोन खोल्या, पुढं कडुलिंब. आमचे हेडगुरुजी आता निवृत्त होऊन गावातच राहतात. ते माझ्यासोबत शाळेत आले. बाईंनी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं. तुमच्याही शाळेत ते आहे. लांबडं, जाड, कडा झिजलेलं. तुमचा दाखला ज्याच्यावरून निघाला, ते हेच.

माझं नाव सापडलं. शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याची तारीख, जून २०१२. कारण : पालकांच्या इच्छेने. वरच्या आणि खालच्या ओळींमध्ये माझ्याच तीन मैत्रिणी-मित्रांची नावं. आठवडा तोच, कारणही तेच. त्या वर्षी गावात पहिल्यांदा इंग्रजी शाळेची पिवळी बस आली होती.

‘तुम्ही चौघं एकदम गेलात,’ गुरुजी म्हणाले. ‘पट ६३ होता, तो ५९ वर आला.’

‘मग?’

‘मग काय. पुढच्या वेळी तिसरं पद उडालं. आपले लेझीमवाले गुरुजी अतिरिक्त ठरले. त्यांचं समायोजन झालं पाटणकडं.’

मला ते गुरुजी आठवत होते. बदली झाली असेल, असंच मी इतकी वर्षं समजत होते.

माझ्या आईवडिलांचं काही चुकलं, असं मी म्हणणार नाही. त्यांना पोरीला इंग्रजी यावं असं वाटलं. तुमच्याही घरात असंच झालं असेल. पण आपण गेल्यावर मागं काय हललं, हे आपल्याला कुणी सांगितलं नाही. म्हणून आज ते गणित समजून घेऊ. अवघड नाहीये.

एका मुलाची किंमत

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पहिली ते पाचवीसाठी त्यातला हिशेब असा : ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. दरवर्षी साधारण ३० सप्टेंबरचा पट धरून शाळेला किती शिक्षक मंजूर, हे ठरतं. त्याला म्हणतात संचमान्यता. पट ६१ असेल तर तीन शिक्षक. त्यातलं एक मूल गेलं, ६० झाले, की दोन. त्या एका मुलाचं नाव काहीही असू शकतं. आमच्याकडं ते आमचं होतं.

शिक्षक कमी झाला की काय होतं? चार इयत्ता दोघांत वाटून घ्यायच्या. एक जण मीटिंगला, प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला, की चारही इयत्ता दुसऱ्याकडं. पालक हे बघतात. पुढच्या जूनला आणखी दोन पोरं पिवळ्या बसमध्ये चढतात. पट आणखी घसरतो. आमच्या शाळेचा आज १४ आहे. चौथीत दोन जण.

आता यात अलीकडची भर. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं संचमान्यतेचे निकष बदलले. पट २० किंवा त्याहून कमी असेल, तर पहिली ते पाचवीसाठी एकच नियमित शिक्षक आणि दुसरा गरजेप्रमाणे निवृत्त शिक्षकांमधून, असं त्यात आलं. सहावी ते आठवीच्या वर्गांत २० पेक्षा कमी मुलं असतील, तर मंजूर पद शून्य. याविरोधात २५ सप्टेंबर २०२४ ला शिक्षकांनी सामूहिक रजा टाकून राज्यभर मोर्चे काढले होते. तुमच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर तेव्हा एखाद्या गुरुजींचा फोटो आला असेल, तो त्या मोर्चाचा.

आणि तुमच्यातले जे डी.एड.-बी.एड. करताहेत, त्यांच्यासाठी तर हा थेट पोटाचा प्रश्न आहे. शिक्षक भरतीची टेट ही अभियोग्यता परीक्षा २०१७, २०२३ आणि २०२५ अशी तीनदाच झाली. एकेका परीक्षेसाठी वर्षानुवर्षं वाट बघायची, मग पवित्र पोर्टलवर डोळे लावून बसायचं. तिथं जाहिरातीत किती जागा येणार, हे शेवटी कुठल्यातरी वस्तीवरच्या पटावरच ठरतं.

पोरं गेली कुठं?

‘सगळी इंग्रजीला गेली,’ असं सोपं उत्तर कुणीही देतं. पण अर्धी पोरं गेलेली नाहीत, ती जन्मलीच नाहीत किंवा जन्मली ती दुसरीकडं.

२०११ ची जनगणना अजूनही आपल्याकडची शेवटचीच. तिच्यानुसार आधीच्या दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या जवळपास १६ टक्क्यांनी वाढली. साताऱ्याची मात्र ६.९ टक्के आणि सांगलीची ९.२ टक्के. कमी मुलं जन्मतात आणि जाणते हात बाहेर जातात, असा याचा साधा अर्थ.

बाहेर जाणं इथं नवं नाही. जावळी आणि पाटणच्या डोंगरातली माणसं मुंबईत माथाडी म्हणून गेली. आधी बाप्ये गेले, मग घरं गेली. आज तिथल्या कितीतरी वाड्यांवर दिवाळी-गणपती सोडले, तर आजी-आजोबाच दिसतात. पोरं नवी मुंबईतल्या शाळांच्या पटावर. खानापूर-आटपाडीकडं जा, तिथली गोष्ट गलाईची. सोनं-चांदी गाळण्याच्या या धंद्यात विटा परिसरातली कुटुंबं देशभर पसरली आहेत. त्यांची मुलं तमीळ, तेलुगू, बंगाली ऐकत वाढतात आणि यात्रेला गावी येतात. गावात बंगला, बंगल्याला कुलूप आणि पलीकडच्या शाळेत रिकामी बाकं. तुमच्या वर्गात विट्याचा कुणी असेल, तर त्याला विचारा, त्याचे किती चुलतभाऊ कोइमतूरला शिकतात.

मग राहिलं इंग्रजी माध्यम. तिथंही प्रवाह एकाच दिशेनं वाहत नाही. ‘असर’च्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात ६ ते १४ वयाची सरकारी शाळेतली मुलं २०१८ मध्ये ६५.६ टक्के होती. कोरोनानंतर २०२२ मध्ये ती ७२.९ टक्क्यांवर गेली, कारण लोकांकडं फी भरायला पैसे नव्हते आणि बऱ्याच छोट्या खासगी शाळा बंद पडल्या होत्या. २०२४ ला पुन्हा ६६.८ टक्के. म्हणजे हातात चार पैसे आले की पालक परत फिरतात. सरकारी शाळा ही अडचणीच्या वेळची शाळा झाली आहे आणि खरं दुखणं तिथंच आहे.

आणि आली कोण?

पट नुसता कमी होत नाहीये, तो बदलतोयसुद्धा. हे मला आमच्या बाईंनी दाखवलं.

त्या म्हणाल्या, ‘तू सप्टेंबरात आलीस. नोव्हेंबरात ये. तेव्हा माझ्या वर्गात बसायला जागा नसते.’

कारण ऊस. कृष्णाकाठ म्हणजे कारखान्यांचा पट्टा. रेठऱ्याचा कृष्णा, यशवंतनगरचा सह्याद्री, साखराळ्याचा राजारामबापू, सांगलीचा वसंतदादा. धुराडी पेटली की बीडकडून, मराठवाड्यातून आणि सांगली जिल्ह्यातल्या जतच्या दुष्काळी पट्ट्यातून टोळ्या येतात. फडाच्या कडेला कोप्या पडतात. सोबत पोरं असतात. त्यातली काही आमच्या शाळेत येऊन बसतात.

आता वरचं गणित पुन्हा आठवा. शिक्षक ठरतात ३० सप्टेंबरच्या पटावर आणि गाळप सुरू होतं त्यानंतर. म्हणजे ते पोरगं मोजलं जातं त्याच्या गावात, पण दिवाळीनंतर तिथलं बाक रिकामं. शिकायला येतं कृष्णाकाठी, पण इथं त्याच्यासाठी शिक्षक मंजूर नसतो. बाई त्यांना शिकवतात, पण हिशेबात ती पोरं नसतात. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. या शाळेतून त्या शाळेत जाताना ते दाखवायचं आणि वर्गात बसायचं. कुठं कुठं हंगामी वसतिगृहंही चालतात, म्हणजे पोरं गावातच राहून शिकू शकतात. पण कार्ड कोपीत विसरलं, आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळलं नाही, तर काय? पट हल्ली आधार जुळवून धरतात. स्पेलिंग चुकलं की हाडामांसाचं पोर कागदावर ‘अवैध’ होतं. २०११ ला कागदावरची पोरं वर्गात सापडत नव्हती. आता वर्गातली पोरं कागदावर सापडेनात.

बाईंनी गेल्या हंगामातल्या एका मुलीची वही जपून ठेवली आहे. पाचवीच्या वयाची, पण दुसरीच्या वर्गात बसलेली. धाकट्या भावाला काखेत घेऊन यायची. मार्चमध्ये टोळी उठली, तेव्हा वही न्यायची राहिली. ‘यंदा आली तर देईन,’ बाई म्हणाल्या. ‘लग्न झालं नसलं म्हणजे मिळवली.’

जतला गेलात तर पटाचा आणखी एक रंग दिसतो. तिथं सांगली जिल्हा परिषदेच्याच कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. मिरजेत उर्दू माध्यमाच्या आहेत. कुपवाड किंवा शिरवळच्या एमआयडीसीच्या आसपास राहणाऱ्या परप्रांतीय कामगारांची पोरं मराठी शाळेत मराठी शिकतात, कारण त्यांना परवडणारी जवळची शाळा तीच. मराठी माणसाचं पोर इंग्रजीला आणि बिहारच्या कामगाराची पोर ‘अ आ इ’ गिरवतेय, असं चित्र. हसायचं की रडायचं, तुम्ही ठरवा. मला तरी ते छान वाटलं.

मुलींचा हिशेब वेगळा

पटाचं पान उघडलं, की मुलगे-मुली असे दोन रकाने असतात. ते नीट बघा. ‘पोरगा इंग्रजीला, पोरगी झेडपीला’ हे कितीतरी घरांत आजही ठरलेलं आहे. एका आजींनी मला हे अगदी सरळ सांगितलं, ‘एकाचीच फी भरता येतीया बाय. पोरीला काय, जवळची साळा बरी.’

त्याआधीचा हिशेब आणखी कडू. २००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे फक्त ८५१ मुली होत्या. ज्या पटावर यायच्या राहिल्या, त्यांची नोंद कुठल्याच रजिस्टरात नसते. आणि ज्या आल्या, त्यातल्या काहींची नावं काय होती? ‘नकुशी’. नको असलेली. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात अशा अडीचशेच्या वर मुलींना समारंभानं नवी नावं दिली गेली. आपल्या बोटाला शाई लागली, त्याच महिन्यात. हजेरी घेताना रोज ‘नकुशी’ म्हटल्यावर ‘हजर’ म्हणायचं, कल्पना करा.

सावित्रीबाई फुले याच सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. दुर्बल घटकांतल्या मुली शाळेत टिकाव्यात म्हणून सरकारनं त्यांच्या जयंतीदिनी, ३ जानेवारी १९९२ ला, उपस्थिती भत्ता सुरू केला : दिवसाला एक रुपया. तुमचा-माझा जन्मही झाला नव्हता तेव्हाची गोष्ट. एक रुपयात तेव्हा काय यायचं आणि आज काय येतं, ते गणित तुम्हीच करा.

आता यात ‘समूह शाळा’ आणून बसवा. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण विभागानं कमी पटाच्या शाळा एकत्र करून मोठी शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा तेव्हा राज्यात १४ हजार ७०० च्या वर निघाल्या. मुलं साधारण १ लाख ८५ हजार. प्रस्तावात पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं होती. मुलांना बसनं आणायचं, खेळायला मैदान, शिकायला प्रयोगशाळा.

ऐकायला चांगलं वाटतं आणि ते अगदीच खोटं नाही. आमच्या बाईंनाच विचारलं. त्या कमी पटाच्या शाळेची बाजू घेतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, ‘चौथीत दोन पोरं. एक आजारी पडलं की दुसरं एकटं. कबड्डी कुणाशी खेळायची? भांडायला तरी चार जण लागतात की नाही?’ मग थोडं थांबून म्हणाल्या, ‘पण शाळा लांब गेली, तर ह्या चौदातली किती जातील, सांगू? पोरं जातील. पोरी नाही जायच्या.’

पोरी काय करतात, हे जावळी तालुक्यातल्या खिरखंडीनं दाखवलंय. कोयनेच्या जलाशयाकाठचं गाव. तिथल्या मुली स्वतः होडी वल्हवत पाणी ओलांडायच्या आणि पुढं जंगलातून चालत अंधारीच्या शाळेत जायच्या. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं या बातमीची स्वतःहून दखल घेतली. कायदा सांगतो, पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत. डोंगरात किलोमीटर पायानं मोजायचे असतात, ओढ्याला पूर आला की मोजायचेच नसतात. बस येईल म्हणतात. आपल्या गावात कॉलेजला जायची एसटी किती वेळेवर येते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

म्हणून प्रश्न ‘शाळा ठेवायची की बंद करायची’ एवढा सोपा नाही. दोन पोरांची चौथी ही शिक्षणाची हेळसांडच आहे. पण ती हेळसांड थांबवताना जी आधीच शेवटच्या बाकावर आहेत, तीच पटावरून गळणार असतील, तर एकत्र केलेल्या शाळेचा पट मोठा दिसेल आणि मुलं कमी शिकतील. निर्णय घेणाऱ्यांनी आधी रजिस्टर उघडून नावं वाचावीत, एवढीच अपेक्षा. नुसती बेरीज बघू नये.

पट वाढतो सुद्धा

हे सगळं वाचून मान खाली घालू नका. पट वाढवलेल्या शाळा याच मातीत आहेत.

सातारा तालुक्यातलं कुमठे बीट माहितीये? बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांचा गट. प्रतिभा भराडे तिथं विस्तार अधिकारी होत्या. त्यांनी चाळीसएक शाळांमध्ये शिक्षकांना सोबत घेऊन ज्ञानरचनावाद राबवला. फरशीवर आखलेली गणितं, काड्या-खडे हातात घेऊन शिकणारी पोरं, फळ्याकडं बघत गप्प बसायचं बंद. राज्यभरातून हजारो शिक्षक ते बघायला साताऱ्याला येऊन गेले. पैसा फार लागला नाही, माणसं लागली. सांगली जिल्हा परिषदेनं ‘माझी शाळा, आदर्श शाळा’ म्हणून इमारती, वर्ग, मैदानं सुधारायला घेतली. सेमी इंग्रजी आता वाडीवरच्या शाळेतही आहे. आणि दर गुढीपाडव्याला ‘गुढीपाडवा, पट वाढवा’ म्हणत शिक्षक दारोदार फिरतात. उन्हात, एप्रिलमध्ये, हातात पत्रकं घेऊन. आपण त्यांना बघून ‘सुट्टीतसुद्धा मास्तर मागं लागलेत’ म्हणून हसलोय. मीही हसलेय.

याच मातीत कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला कऱ्हाडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढं जिथं शाळाच नव्हती अशा गावांमध्ये साडेपाचशेच्या वर व्हॉलंटरी शाळा उभ्या केल्या. तेव्हा प्रश्न होता, गावात शाळा कशी आणायची. आपल्या पिढीचा प्रश्न आहे, असलेली शाळा कशी टिकवायची.

मग आपण काय करायचं?

भाषण नको, तीनच गोष्टी. येत्या रविवारी जमतील अशा.

एक. तुमच्या गावच्या शाळेच्या भिंतीवर ११ अंकी यू-डायस क्रमांक लिहिलेला असतो. त्याचा फोटो काढा. यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर ‘नो युवर स्कूल’मध्ये तो टाकला, की शाळेत किती मुलं, किती शिक्षक, स्वच्छतागृह आहे का, हे सगळं दिसतं. ही माहिती कुणालाही बघता येते. मग प्रत्यक्ष जाऊन ताडून बघा.

दोन. शाळा व्यवस्थापन समिती कोण आहे, विचारा. कायद्यानं तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला लागतात. बऱ्याच ठिकाणी समितीवरच्या बाईंना आपण समितीवर आहोत हेच माहीत नसतं. तुमची वहिनी, काकू त्यात असेल. तिच्यासोबत एका बैठकीला जाऊन बसा.

तीन. दिवाळीनंतर गावाशेजारी कोप्या पडतील. तिथली किती पोरं शाळेत जातात, विचारा. जात नसतील, तर गुरुजींना सांगा. एवढंच. मोबाईलवर त्यांचे फोटो काढून टाकू नका.

१९१४

साताऱ्याहून परत निघताना मी राजवाड्यापाशी थोडी थांबले. तिथल्या सरकारी हायस्कूलच्या रजिस्टरात, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या, ७ नोव्हेंबर १९०० ला एक नाव लिहिलं गेलं. भिवा रामजी आंबेडकर, इंग्रजी पहिली, नोंद क्रमांक १९१४. त्याला वर्गात इतरांपासून वेगळं बसावं लागायचं. पण नाव पटावर होतं. ७ नोव्हेंबर हा दिवस राज्यात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. तुमच्या कॉलेजातही त्या दिवशी कार्यक्रम होईल, हार घातला जाईल. ज्यांनी ते नाव लिहून घेतलं, त्यांना पुढं काय होणार ते थोडंच ठाऊक होतं? त्यांच्या लेखी पट एकानं वाढला होता.

आमच्या शाळेतून निघताना बाईंनी मला पुढच्या पानावरची शेवटची नोंद दाखवली. यंदाच्या जूनची, पहिलीतली एक मुलगी. आडनाव आमच्याकडचं नाही. तिचे वडील वीटभट्टीवर आहेत.

‘ही चौदावी,’ बाई म्हणाल्या.

मी वहीत लिहून घेतलं. तुम्हीही एकदा जाऊन बघा. तुमचं नाव त्या रजिस्टरात अजून आहे. तारीख आणि कारणासकट.